पीकराखणीची बंदूक : तिची निगा कशी राखावी?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



बेणे, लागण, खोडवा, पाचट, ठिबक हे आमचे नेहमीचे विषय. या वेळी ऊस विकास अधिकाऱ्याने बंदुकीवर लिहिलेले पाहून काही जणांना नवल वाटेल. पण गटवार बैठकांना गेलो की खताच्या हप्त्याइतकाच प्रश्न रानडुकरांचा निघतो. आडसाली ऊस एकदा डोक्याच्या वर गेला की डुकरांचा कळप आत ठाण मांडतो. खातो थोडे आणि नासतो फार. बुडखा चावून टाकलेला ऊस उभा वाळतो, बाकीचा लोळतो, आणि लोळलेल्या उसाला पुन्हा उंदीर लागतात. त्यामुळे आपल्या कार्यक्षेत्रात ज्यांच्याकडे वाडवडिलांपासून पीकराखणीच्या परवान्याची बंदूक आहे, ते सभासद ती आजही जपून ठेवतात.

जपून ठेवतात म्हणजे काय करतात, तर खुंटीला टांगून ठेवतात! इथेच सगळे चुकते. फवारणीचा पंप वापरला की आपण धुऊन ठेवतो. इंजिनाचे तेल बदलतो. बैलाच्या खुरात काटा गेला तर त्याच रात्री काढतो. बंदूक मात्र पाच-पाच वर्षे कोणी उघडून बघत नाही. मग एखाद्या रात्री शेतातून आरडाओरडा येतो, बंदूक खाली निघते, काडतूस भरले जाते आणि चाप ओढला जातो. त्या क्षणी नळीत गंज आहे, माती आहे की माशीचे घर आहे, कोणाला ठाऊक नसते.

या लेखाचा सगळा सारांश एका वाक्यात सांगतो. निगा नसलेल्या बंदुकीची भीती डुकराला कमी आणि तिच्या मालकाला जास्त असते. बाकीचा लेख म्हणजे याचा खुलासा.

आधी कायद्याचे दोन शब्द

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, ही गोष्ट आधी पक्की करू. बंदूक बाळगण्याचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळतो. जनावर मारण्याचा प्रश्न वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतो. या दुसऱ्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि रानडुक्कर आता अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाला धोका झाला असेल तर कलम ११ प्रमाणे वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते. ती हातात नसताना डुक्कर मारले तर नुकसान आपले आणि गुन्हाही आपल्याच नावावर. तेव्हा आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन रीतसर चौकशी करावी. नुकसानीचा पंचनामा लगेच करून घ्यावा, भरपाईचा अर्जही तिथेच द्यावा. बिबट्याच्या बाबतीत तर विचारायलाच नको. तो अनुसूची एकमधला प्राणी आहे. तो दिसला की बंदूक नव्हे, वन खात्याला फोन.

दुसरे, परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच हातात. सालगड्याच्या हाती, मेव्हण्याच्या हाती, कॉलेजातून सुट्टीला आलेल्या पोराच्या हाती ती जाता कामा नये. वरातीत आनंदाने बार काढण्याची हौसही आता सोडून द्यावी. २०१९ च्या दुरुस्तीने अशा धोक्याच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

नळीला गंज का चढतो?

सभासदांकडे साधारण दोन जातींच्या बंदुका आहेत. एक, मागून मोडून काडतूस भरायची १२ बोअरची, एकनळी किंवा दुनळी. दुसरी, पुढून दारू आणि छर्रे ठासायची, म्हणजे ठासणीची. बोअर म्हणजे काय, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. नळीच्या पोकळीएवढ्या जाडीच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरत असतील, तर ती १२ बोअर. ही पोकळी साधारण साडेअठरा मिलीमीटर असते. वीस गोळ्या भरल्या तर २० बोअर. म्हणजे आकडा मोठा तशी नळी बारीक.

आता गंजाचे बघू. ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. साधारण शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ही दारू जळली की तिच्या निम्म्याहून जास्त वजनाची घन राख उरते. थोडी धुरातून जाते, बाकीची नळीला चिकटते. या राखेत पोटॅशचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात.

जुन्या पद्धतीच्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते उडाले की मागे पोटॅशियम क्लोराइड राहते. हे नाव तुम्हाला नवे नाही. आपण उसाला जे म्युरेट ऑफ पोटॅश देतो, तेच हे! पोटॅशचे फुटलेले पोते पावसाळ्यात कसे ओले होते, आणि ते ज्या पत्र्यावर ठेवले त्या पत्र्याची काय अवस्था होते, हे प्रत्येकाने पाहिले आहे. नेमके तेच नळीच्या आत घडते, फक्त दिसत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मीठ पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. बार काढल्यावर नळीत नुसते तेल ओतले तर मीठ तेलाखाली तसेच बसून राहते आणि आतून लोखंड खाते. "आम्ही तेल पाजलं होतं, तरी गंजली," अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण हे. आजच्या बिनधुराच्या दारूच्या काडतुसांत हा क्षाराचा त्रास पुष्कळ कमी आहे. पण त्यांचीही काजळी, शिशाचा लेप आणि प्लॅस्टिकच्या बुचाचा थर नळीत राहतो, आणि त्याच्याखाली ओल धरते. म्हणून काडतूस नवे असो की जुने, बार काढला त्याच दिवशी नळी साफ, हा नियम.

पहिले काम : बंदूक रिकामी आहे याची खात्री

साफसफाईच्या वेळी झालेल्या अपघातांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते : "रिकामी आहे असं वाटलं." बंदूक रिकामी वाटून चालत नाही, ती डोळ्यांनी पाहावी लागते.

मोडायची बंदूक असेल तर तोंड माणसांपासून, घरापासून आणि जनावरांपासून दूर धरून उघडा. काडतूस असेल तर काढा. दुनळी असेल तर दोन्ही घरे बघा, आणि बोट घालून चाचपा. काढलेली काडतुसे खिशात न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवा. ज्या खोलीत बंदूक साफ करायची त्या खोलीत एकही काडतूस नको, आणि लेकरे तर अजिबात नकोत.

ठासणीची बंदूक मोडता येत नाही, म्हणून तिची परीक्षा गजाने करायची. आधी तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निपलवरची टोपी काढा. मग तोंडावर हात किंवा डोके न आणता, बाजूने धरून गज हळूच नळीत तळापर्यंत सोडा. नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. गज बाहेर काढून तेवढाच नळीच्या बाहेरून लावून बघा. खुणेपासूनचे टोक निपलपर्यंत पोहोचले तर बंदूक रिकामी. चार-सहा बोटे अलीकडेच थांबले तर आत बार भरलेला आहे, असे समजा. असा जुना बार घरी उकरून काढायचा नाही, तापवायचा तर नाहीच नाही. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तो काढून घ्यावा. आजोबांच्या काळचा बार अजून नळीत असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेटते.

लागणारे सामान

फार खर्च नाही. नळीच्या लांबीचा लाकडी किंवा पितळी गज, १२ बोअरचा कांस्याच्या तारेचा ब्रश, लोकरी फडके किंवा जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या चिंध्या, एक जुना दात घासायचा ब्रश, बंदुकीचे तेल आणि थोडे ग्रीस. लोखंडी सळईचा गज करू नये, ती नळीला आतून ओरखडे पाडते.

तेलाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण चूक इथेच जास्त होते. बंदुकीचे खास तेल मिळाले तर उत्तम. न मिळाले तर शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल चालते. खाण्याचे तेल चालत नाही. खोबरेल थंडीत गोठते आणि ऐन डिसेंबरात घोडा अडखळतो. करडई, जवस ही सुकणारी तेले. त्यांचा काही दिवसांत चिकट थर होतो आणि चाप-घोड्याच्या कप्प्यात धूळ धरून बसतो. इंजिनाचे जळके तेल तर कधीच वापरू नये. त्यात काजळी आणि आम्ल दोन्ही असतात. रॉकेल काजळी सोडवायला उपयोगी पडते, पण ते उडून गेल्यावर लोखंड उघडे पडते. रॉकेल लावले की ते कोरडे पुसून वर तेलाचा हात द्यायलाच हवा.

१२ बोअरची बंदूक साफ करण्याची रीत

१. बंदूक रिकामी करून तिचे तीन भाग करा : पुढचा लाकडी हात, नळी आणि दस्ता. बहुतेक बंदुकांत हे हाताने सुटतात. जोर लावावा लागला तर थांबा, काहीतरी उलटे होत आहे.

२. नळीतून कोरडी चिंधी एकदा काढा. सुटी काजळी निघून येईल. चिंधी नेहमी काडतुसाच्या बाजूने घालून तोंडाच्या बाजूने काढावी, म्हणजे घाण चाप-घोड्याकडे जात नाही.

३. काजळी सोडवणारे द्रावण किंवा रॉकेल लावलेली चिंधी फिरवा आणि दहा मिनिटे मुरू द्या.

४. आता ब्रश पूर्ण लांबी आठ-दहा वेळा घाला. अर्ध्यात उलटा फिरवू नका, तारा मोडतात. काडतुसाच्या घराच्या पुढची उतरती आणि तोंडाजवळची आवळलेली जागा, म्हणजे चोक, या दोन ठिकाणी शिसे आणि प्लॅस्टिक जास्त धरते.

५. चिंध्या बदलत राहा. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत काम पुरे झाले नाही. मग नळी उजेडाकडे धरून मागच्या बाजूने बघा. नीट साफ झालेली नळी आतून आरशासारखी दिसते. करडे पट्टे दिसले तर शिसे आहे, पुन्हा ब्रश घाला. काळे खड्डे दिसले तर तो खोल गेलेला गंज. तो घासून जायचा नाही, दुरुस्तीवाल्याला दाखवा.

६. शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. तेल जेवढे जास्त तेवढे चांगले, हा गैरसमज आहे. जादा तेल धूळ धरते आणि दस्त्याच्या लाकडात उतरते.

७. काडतूस बाहेर ढकलणारा तुकडा, बिजागरी, खाच, वरचा खटका यांतली घाण दाताच्या ब्रशने काढा. बिजागरीला हरभऱ्याच्या दाण्याएवढे ग्रीस पुरते. चापाच्या आतले कुलूप घरी उघडू नका. त्या कमानी आणि खाचा केसाएवढ्या फरकावर चालतात.

८. जोडणी झाल्यावर बाहेरचे सगळे लोखंड तेलाच्या फडक्याने पुसा आणि मग उघड्या हाताने धरू नका. हाताचा घाम हेही खारे पाणीच. बोटांच्या ठशांचा गंज अनेक बंदुकांवर स्पष्ट दिसतो.

रिकाम्या बंदुकीचा चाप पुन्हा पुन्हा ओढून "टक टक" वाजवू नये. त्याने आतली पिन मोडते.

ठासणीच्या बंदुकीची रीत

हिला पाणी लागतेच. खात्री करून निपल पान्याने काढा. नळी दस्त्यातून सहज सुटत असेल तर वेगळी करा. नळीची मागची बाजू गरम पाण्याच्या बादलीत ठेवून, गजाला चिंधी बांधून पिचकारीच्या दट्ट्यासारखी वर-खाली करा. साबणाचे दोन थेंब चालतील. काळे पाणी निघायचे थांबले की स्वच्छ कढत पाणी घाला. नळी तापली की पाणी आपोआप सुकते. तरीही कोरड्या चिंध्या काढा, निपलच्या भोकातून बारीक तार फिरवा, आणि नळी कोमट असतानाच तेल लावा. पाणी आणि तेल यांच्यामध्ये वेळ जाऊ देऊ नका. धुऊन तशीच उन्हात ठेवलेली नळी संध्याकाळपर्यंत तांबूस होते.

दोन गोष्टी कायम ध्यानात ठेवा. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूखेरीज दुसरी दारू कधीही घालायची नाही. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासली तर दाब इतका वाढतो की नळी हातातच फुटते. आणि बार भरून बंदूक रात्रभर घरात ठेवायची नाही.

नळी का फुटते?

बार उडाला की नळीत वायूचा मोठा दाब निर्माण होतो. छर्रे पुढे सरकत जातात तसा दाब उतरत जातो. हे सगळे पुढचा रस्ता मोकळा आहे, हे धरून चाललेले असते. वाटेत अडथळा आला की धावत आलेले छर्रे तिथे अडतात, मागचा वायू चेपला जातो आणि त्या जागी नळी फुगते किंवा चिरते. डावा हात नेमका तिथेच असतो.

अडथळा म्हणून फार काही लागत नाही. पाट ओलांडताना नळीचे तोंड चिखलात टेकले, तेवढे पुरते. गजावरून सुटून आत राहिलेली चिंधी पुरते. घट्ट ग्रीसचा गोळा पुरतो. आपल्याकडे आणखी एक गुपचूप शत्रू आहे, तो म्हणजे कुंभारीण माशी. हिला बोटाएवढे भोक दिसले की ती मातीचे घर बांधते. एका सभासदाची बंदूक निवडणुकीनंतर परत मिळाली तेव्हा त्यांनी सवयीप्रमाणे ती उघडून उजेडाकडे धरली, तर उजवी नळी बंद! वितभर आत मातीचे पक्के बूच होते. दोन मिनिटांच्या त्या सवयीने त्यांचा हात वाचला. त्यांनी ते मातीचे ढेकूळ मला दाखवले आणि म्हणाले, "साहेब, हे आपल्या पुस्तिकेत छापा." म्हणून हा मजकूर.

दुसरा धोका चुकीच्या काडतुसाचा. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत घातले तर ते घरात न थांबता पुढे घसरते आणि नळीत अडकून बसते. मागचे घर रिकामे दिसते. माणूस वर १२ बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. पुढे काय होते ते सांगायला नको. एका घरात दोन बोअरच्या बंदुका असतील तर काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा.

लांबीही बघा. पुष्कळ जुन्या बंदुकांचे घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलीमीटरचे आहे. आज सर्रास मिळणारी काडतुसे पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलीमीटरची असतात. भरताना ती बसतात, कारण ही लांबी उघडलेल्या काडतुसाची मोजतात. पण उडताना त्यांचे तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. घराची लांबी बहुधा नळीच्या खालच्या सपाट बाजूवर कोरलेली असते. वाचता आली नाही तर दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या.

तिसरे, फुसका बार. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी बसला, तर दुसरा बार लगेच काढू नका. बूच नळीतच राहिले असण्याचा संभव असतो. बंदूक उघडा, नळीतून आरपार बघा, मगच पुढचे. आणि चाप ओढूनही बार उडाला नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा-एक मिनिट थांबा, मग उघडा. टोपी कधी कधी उशिरा पेटते.

काडतुसांची काळजी

आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली १२ बोअरची काडतुसे सगळ्यांच्या परिचयाची आहेत. हा कारखाना १८६९ पासूनचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली आहे. काडतूस कोणतेही असो, ते कोरड्या जागी, मूळ खोक्यात आणि कुलपात ठेवावे. जुनी कागदी नळकांडीची काडतुसे दमट हवेत फुगतात आणि घरात अडकतात. पितळी टोपणावर हिरवा चढ आला असेल, नळकांडे चिरले असेल, टोपी दबली असेल, तर ते काडतूस वापरू नये. ते उकिरड्यावर, विहिरीत किंवा चुलीत टाकू नये. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला विचारून त्याची विल्हेवाट लावावी. काडतुसाला तेल लावू नये, ते टोपीत उतरते आणि बार फुकट जातो.

पावसाळा, ठाणे आणि कुलूप

जून ते सप्टेंबर बंदूक वापरात नसली तरी दर पंधरा दिवसांनी काढून पुसावी, नळीतून पाहावे, तेलाचा हात द्यावा. रेक्झीनच्या किंवा चामड्याच्या पिशवीत ती महिनोन्‌महिने ठेवू नये. पिशवी ओल धरते आणि आतल्या आत गंज वाढतो. खताच्या खोलीत तर ती नकोच. युरिया आणि पोटॅश यांच्या शेजारी कोणतेही लोखंड टिकत नाही.

ठेवताना तोंड खाली आणि दस्ता वर ठेवावा, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. दस्त्याच्या लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन कोरड्या फडक्याने चोळावे. हेच तेल लोखंडाला नको, लाकडाला मात्र मानवते. दस्ता चिरला असेल तर तारेने बांधून वेळ मारून नेऊ नये.

निवडणुकीच्या वेळी ज्यांना नोटीस येते त्यांना शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात झाल्या. अशा वेळी बंदूक बराच काळ आपल्या नजरेआड राहते. ठाण्यात शेकडो शस्त्रे असतात, आपल्या एका बंदुकीला तेल घालायला तिथे कोणी रिकामे नसते. म्हणून देण्यापूर्वी आपणच ती साफ करून, नेहमीपेक्षा थोडा जास्त तेलाचा हात देऊन द्यावी. नंबर टाकलेली पावती घ्यावी. परत आणल्यावर आतले जास्तीचे तेल पुसून, नळी आरपार पाहून, मगच तिला वापरायची बंदूक म्हणावे.

घरात बंदूक कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या परवानाधारकाजवळ. खुंटीवरची बंदूक शोभेला बरी दिसते, पण पोरांचे लक्ष आधी तिच्यावरच जाते.

तोडीच्या दिवसांतली खबरदारी

ही सूचना मी शेतकी खात्याच्या वतीने कळकळीने करतो. ऊसतोड सुरू झाली की फडात टोळी असते, बायामाणसे असतात, पाचटावर लहान मुले झोपवलेली असतात. फडाचा शेवटचा पट्टा उरला की आत दबलेली डुकरे एकदम बाहेर पडतात. त्या वेळी बांधावर बंदूक घेऊन उभे राहणारे उत्साही लोक असतात. उसापलीकडे काय आहे ते दिसत नाही. छर्रा उसाने अडत नाही, आणि मोठा छर्रा जिथे डुक्कर मरणार नाही इतक्या लांबही माणसाला जखमी करतो. ही माणसे बीड, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांतून घरदार सोडून आपला ऊस तोडायला आलेली असतात. फडात टोळी असेपर्यंत त्या शेतात बंदूक नको. फटाके, डबे वाजवणे, मुकादमाला आधी कल्पना देऊन एक बाजू मोकळी ठेवणे, एवढ्याने काम भागते.

घरी काय करू नये?

नळी आतून पॉलिश पेपरने घासू नये, पोकळी मोठी होते आणि दाब धरण्याची ताकद जाते. खोक पडलेली नळी हातोडीने ठोकू नये. नळी करवतीने आखूड करू नये. शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे तो गुन्हा आहे. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून काहीही जोडून घेऊ नये. नळी आणि दस्ता यांच्या सांध्यात खेळ आला असेल, हलवली की खडखड वाजत असेल, किंवा घोडा चापाशिवाय पडत असेल, तर ती बंदूक त्या दिवसापासून बंद. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्यावी आणि पावती ठेवावी.

ज्यांच्या घरी वडिलांच्या माघारी बंदूक नुसती पडून आहे, त्यांनी ती "राहू दे, आठवण आहे" म्हणून ठेवू नये. परवाना माणसाबरोबर संपतो. ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाच्या नावे रीतसर अर्ज करावा.

थोडक्यात ध्यानात ठेवा

• हातात घेतली की आधी उघडा. रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा.
• बार काढला त्याच दिवशी नळी साफ करा.
• ठासणीला आधी गरम पाणी, मग तेल.
• भरण्यापूर्वी प्रत्येक वेळी नळीतून आरपार उजेड बघा.
• बोअर आणि लांबी जुळणारेच काडतूस वापरा.
• पावसाळ्यात दर पंधरवड्याला पुसा.
• बंदूक आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा.
• फडात टोळी असताना बंदूक घरी.

गाळप हंगामापूर्वी आपण गाडीचे टायर, ट्रॉलीचे हूक, बैलांची नालबंदी तपासतो. त्याच आठवड्यात एक संध्याकाळ बंदुकीसाठी काढावी. तासाभराचे काम आहे. परवान्याची मुदतही त्याच वेळी पाहून घ्यावी. रानडुकरांच्या नुकसानीबाबत वन खात्याकडे अर्ज करायचा असेल तर आपल्या गट कार्यालयात चौकशी करावी. शेतकी मदतनीस अर्ज लिहून देतील आणि पंचनाम्याच्या वेळी हजर राहतील.

कळावे.